कोरलेला बांध

१९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ज्यांनी सी भाषा गिरवली, त्यांना ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ ही ओळ नक्की आठवत असेल. टर्बो सीवर लिहिलेला प्रोग्रॅम नीट चालायचा, उत्तरही बरोबर यायचं आणि सगळं आटोपून स्क्रीन डॉसकडे परतताना हे तीन शब्द उमटायचे. उत्तर आलंय म्हटल्यावर मुलं त्या ओळीकडे काणाडोळा करत, प्रिंटआउट काढत आणि जर्नलवर सही घेऊन मोकळी होत.

त्या तीन शब्दांमागची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. बोर्लंड कंपनीने टर्बो सीच्या लहान मेमरी मॉडेलांमध्ये डेटा सेगमेंटच्या अगदी सुरुवातीला, शून्य पत्त्यालगत, स्वतःच्या कॉपीराइटची एक ओळ ठेवली होती. कुठलीच जागा न दाखवणाऱ्या, म्हणजे शून्य किमतीच्या पॉइंटरमधून कोणी काही लिहिलं, तर ते त्या भागावर जाऊन पडे. प्रोग्रॅम संपताना तेवढ्या बाइट्सची बेरीज तपासली जाई. ती जुळली नाही की हा संदेश. चूक झाली आहे एवढंच त्यातून कळे. ती कुठल्या ओळीत झाली, केव्हा झाली, त्यानंतर तिने आणखी काय काय बिघडवलं, यातलं काहीच हाती लागत नसे.

सी भाषेत मेमरीची चूक होते एका जागी आणि दिसते भलत्याच जागी, भलत्याच वेळी. हे अंतर कमी करण्याची धडपड हाच या विषयाचा खरा इतिहास आहे. त्याचा रोजचा, कुठेही न लिहिलेला भाग गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बंगळूरच्या पूर्वेला व्हाइटफील्डसारख्या ठिकाणी घडला. तो घडवला दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचत आणि दुरुस्त करत बसलेल्या माणसांनी. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचा इतिहास सांगताना आपण संस्थापकांची नावं सांगतो, निर्यातीचे आकडे सांगतो, काचेच्या इमारतींचे फोटो छापतो. मला तो हीपच्या, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना मागून घेतलेल्या मेमरीच्या, बाजूने सांगायचा आहे, कारण त्या काळातली मेहनत आणि कसब तिथे जास्त स्पष्ट दिसतं.

डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सी भाषा घडवली आणि १९७३मध्ये युनिक्सचा गाभा त्याच भाषेत नव्याने लिहिला गेला. या भाषेत मेमरीचा काही भाग कंपायलर सांभाळतो. फंक्शन सुरू झालं की त्याच्या व्हेरिएबल्सना स्टॅकवर जागा मिळते, फंक्शन संपलं की ती जाते. पण किती जागा लागणार हे आधी माहीतच नसेल, तर प्रोग्रॅमरला ती प्रोग्रॅम चालू असताना मागून घ्यावी लागते. त्यासाठी मॅलॉक हे फंक्शन. ज्या साठ्यातून ही जागा मिळते, तो हीप. काम झालं की फ्री म्हणून ती परत करायची. कधी मागायची, किती मागायची, कधी सोडायची, हे सगळं प्रोग्रॅमरच्या हाती. दिलेल्या जागेच्या बाहेर तो गेला तर भाषा त्याला अडवत नाही.

ब्रायन कर्निघन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणात मॅलॉकसारखं फंक्शन स्वतः कसं लिहायचं, हे मोजक्या पानांत दाखवलं आहे. ज्यांना हीपच्या चुका समजून घ्यायच्या आहेत, त्यांनी आजही ती पानं वाचावीत. प्रत्येक तुकड्याच्या आधी एक छोटी नोंद असते. तुकडा केवढा आहे आणि मोकळा असेल तर पुढचा मोकळा तुकडा कुठे आहे, हे त्या नोंदीत लिहिलेलं असतं. प्रोग्रॅमरला मिळतो तो त्या नोंदीच्या लगेच पुढचा पत्ता. फ्री करताना तो फक्त पत्ता देतो, आकार सांगत नाही. फ्री त्या पत्त्यापासून एक पाऊल मागे जातं, नोंद वाचतं आणि तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवून काम करतं.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर, सातबारा तलाठ्याच्या दप्तरात न ठेवता शेताच्या बांधावरच लिहून ठेवावा, तसा हा प्रकार आहे. शेजाऱ्याने नांगराचं एक तास पुढे घातलं, बांध कोरला, की जमीन तर गेलीच, पण त्या जमिनीची नोंदही गेली. नांगरणीच्या दिवशी ते कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे कधीतरी वाटणीच्या वेळी मोजणी होते आणि तेव्हा तंटा उभा राहतो. तोवर बांध कोणी कोरला, हे सांगणारा कोणी उरलेला नसतो.

स्ट्रिंगची लांबी मोजून तेवढीच जागा मागायची आणि शेवटच्या शून्याला एक बाइट ठेवायचा विसर पडायचा, ही यातली सर्वांत जुनी चूक. दुसरी त्याहून घातक. जागा सोडून दिल्यावरही जुना पॉइंटर जवळ राहतो आणि कोणीतरी तो वापरतो. मधल्या काळात मॅलॉकने ती जागा दुसऱ्याला दिलेली असते, म्हणजे एकाच जागेचे दोन मालक एकमेकांचं लिखाण पुसत बसतात. एकच जागा दोनदा सोडली की मोकळ्या तुकड्यांची साखळी बिघडते. आणि सोडायचीच राहिली तर लीक. ती दिवसाला थोडी थोडी मेमरी खात जाते आणि कित्येक आठवड्यांनी सर्व्हर कोसळतो.

टर्बो सीच्या काळात यापैकी एकही चूक जागच्या जागी पकडली जात नव्हती. डॉसमध्ये एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या, अगदी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीतही लिहिण्यापासून कोणी रोखत नसे. ६४० किलोबाइटची मेमरी, ६४ किलोबाइटचे सेगमेंट, आणि लहान मॉडेलमध्ये डेटा, हीप आणि स्टॅक एकाच सेगमेंटमध्ये दाटीवाटीने. चूक झाली की कधी काहीच होत नसे, कधी मशीन हँग होई. मग रीसेटचं बटण.

याच काळात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ देशभर पोचलं. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून इंजिनिअर होऊन आयआयटी कानपूरमधून एम.टेक. केलेल्या कानेटकरांनी सोप्या, बोलक्या भाषेत सी समजावून सांगितली आणि पॉइंटर या विषयाला वेगळं पुस्तकच दिलं. परदेशी पुस्तकं महाग होती, इंग्रजी माध्यमाचं दडपण होतं, अशा वेळी छोट्या शहरांतल्या मुलांच्या मनातली पॉइंटरची भीती या माणसाने घालवली. हे ऋण मोठं आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं.

उणीव होती ती अभ्यासक्रमात. लिंक्ड लिस्ट, स्टॅक, ट्री यांच्या जर्नलमधल्या प्रोग्रॅमांत मॅलॉक असे, फ्री क्वचित दिसे. प्रोग्रॅम दोन मिनिटं चालून संपत होता आणि संपल्यावर सगळी मेमरी डॉसकडे परत जात होती, त्यामुळे ते कोणाला खटकलं नाही. मोजकी मार्कं होती ती नोड जोडण्याला, सोडण्याला नव्हती. टर्बो सीच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये हीप तपासणारी फंक्शन्सही होती. हीपचेक ही साखळी शाबूत आहे का ते सांगे, हीपफिलफ्री मोकळ्या जागा ठरावीक किमतीने भरून ठेवी. मदतीच्या पानांत ती दडलेली राहिली.

आणखी एक सवय त्याच काळात लागली, तिची किंमत पुढे मोजावी लागली. मॅलॉकने दिलेल्या पत्त्याला हव्या त्या प्रकारात बदलून घ्यायचं, म्हणजे कास्ट करायचं. जुन्या सीमध्ये मॅलॉक कॅरॅक्टर पॉइंटर देत असे, तेव्हा ते लागायचं. सी प्लस प्लसमध्ये आजही लागतं. १९८९च्या अ‍ॅन्सी प्रमाणकानंतर शुद्ध सीमध्ये ते लागत नाही. पण आपल्याकडे एकाच टर्बो सी प्लस प्लसवर दोन्ही भाषा शिकवल्या गेल्या आणि कास्ट हातात बसला.

हे शिक्षण घेतलेली मुलं पुण्यातून, नागपुरातून, सांगली-कोल्हापुरातून उद्यान एक्स्प्रेसने किंवा रात्रीच्या बसने बंगळूरला जाऊ लागली, तेव्हा व्हाइटफील्ड नुकतं बदलायला लागलं होतं.

व्हाइटफील्डची सुरुवात जमीनवाटपापासून झाली. १८८२मध्ये म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या वसाहतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. त्या लोकांच्या संघटनेचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्यावरून गावाला नाव पडलं. पुढची शंभर वर्षं ते बंगलीवजा घरांचं, बागांचं, निवांत गाव राहिलं. शेजारच्या काडुगोडीत सत्यसाईबाबांचा आश्रम होता, तिकडे भाविकांची ये-जा असे. १९९४मध्ये भारत आणि सिंगापूर यांच्या भागीदारीतून इथे सुमारे ६९ एकरांवर इंटरनॅशनल टेक पार्कचं काम सुरू झालं. त्यात टाटा समूह होता आणि कर्नाटक सरकारची औद्योगिक जमीन देणारी संस्थाही होती. शहरात वीज जात असे, म्हणून पार्कचं स्वतःचं वीजकेंद्र. इमारतींची नावं डिस्कव्हरर, क्रिएटर, इनोव्हेटर अशी. सॅप कंपनीची प्रयोगशाळा १९९८मध्ये बंगळूरला आली आणि व्हाइटफील्डमध्ये वाढली. जीईने जॅक वेल्च यांच्या नावाचं संशोधन केंद्र सप्टेंबर २०००मध्ये इथेच उघडलं.

त्या वर्षांची आठवण काढली की सगळे वायटूके, म्हणजे सन २०००साठीची तारखांची दुरुस्ती, म्हणतात. ते काम मुख्यतः कोबॉलचं होतं. त्याच्या आगेमागे आणि त्यानंतरही बराच काळ बंगळूरला येत राहिलं ते सीमधलं काम वेगळं: टेलिफोन स्विचचं सॉफ्टवेअर, युनिक्सवरचे सर्व्हर, डेटाबेसचे आतले भाग, प्रिंटर आणि वैद्यकीय यंत्रांचा कोड. लिहिणारे इंजिनिअर दुसऱ्या देशात, कित्येकदा कंपनी सोडून गेलेले. हाती येई तो लाखो ओळींचा कोड आणि तक्रारींची यादी.

दुसऱ्याच्या कोडमधला हीपचा बिघाड शोधणं म्हणजे काय, हे ज्याने केलं आहे त्यालाच कळतं. ग्राहकाकडून कोअर फाइल येते, म्हणजे प्रोग्रॅम कोसळला त्या क्षणीच्या मेमरीची प्रत. जीडीबी या डीबगरमध्ये ती उघडली की दिसतं, प्रोग्रॅम मॅलॉकच्या आतच कोसळला आहे. नवखा माणूस म्हणतो, लायब्ररीतच दोष आहे. जाणता माणूस सांगतो, लायब्ररीला हात लावू नकोस. कोणीतरी आधी बांध कोरून गेलं आहे, आणि मॅलॉक फक्त ती खोटी नोंद वाचताना पडलं. आता प्रश्न, कोण? त्या तुकड्याच्या अलीकडचा तुकडा कोणाचा होता? त्यातला मजकूर वाचायचा. एखादी अर्धवट स्ट्रिंग दिसते, एखादा ओळखीचा आकडा दिसतो, त्यावरून कुळाचा अंदाज बांधायचा. तपासायला म्हणून एक प्रिंटएफ टाकावा, तर हीपची मांडणी थोडी सरकते आणि बिघाड गायबच होतो. अशा लपणाऱ्या दोषांना जिम ग्रे यांनी १९८५मध्ये ‘हायझेनबग’ म्हटलं होतं. ग्राहकाच्या मशीनवर रोज पडणारा प्रोग्रॅम आपल्या टेबलावर आठवडाभर ढिम्म चालत राहतो, हा अनुभव त्या पिढीच्या प्रत्येकाच्या वाट्याला आलेला आहे.

६४ बिटच्या स्थलांतरात तर कास्टची जुनी सवय उलटली. ज्या फाइलमध्ये मॅलॉकची घोषणा असलेलं हेडर जोडायचं राहिलं असेल, तिथे जुना सी कंपायलर गृहीत धरायचा की मॅलॉक पूर्णांक देतं, आणि तो ३२ बिटचा. पत्ता ६४ बिटचा असल्याने त्याचा वरचा अर्धा भाग कापला जाई. कंपायलरने यावर इशारा दिला असता, पण कास्टमुळे तो गप्प बसे. हीप लहान असेपर्यंत पत्तेही लहान राहत आणि सगळं सुरळीत चाले. डेटा वाढला, पत्ते ३२ बिटच्या पलीकडे गेले की प्रोग्रॅम पडे. छोट्या चाचण्यांत पास आणि खऱ्या कामात नापास, असा हा दोष. १९९८मध्ये सोलारिस ७ आणि २००३मध्ये एएमडीचे ६४ बिट प्रोसेसर आल्यावर जुना कोड या मशीनांवर नेण्याचं काम जगभर निघालं. तेव्हा एकेका फाइलमधली हेडर तपासत बसावं लागलं. हे काम दिसायला क्षुल्लक आहे. बँकांचे आणि टेलिफोनचे व्यवहार त्याच्यावर उभे होते.

हत्यारं हळूहळू आली. ब्रूस पेरेन्स यांनी १९८७मध्ये ‘इलेक्ट्रिक फेन्स’ लिहिलं. प्रत्येक तुकडा मेमरीच्या पानाच्या शेवटी ठेवायचा आणि त्यापुढचं पान प्रवेशबंद करायचं. पुढे पाऊल पडलं की प्रोसेसरच प्रोग्रॅमला त्याच ओळीवर थांबवतो. कल्पना देखणी होती, पण दहा बाइटसाठी अख्खं पान खर्ची पडे, त्यामुळे मोठ्या प्रोग्रॅमला ती झेपत नसे. जानेवारी १९९२मध्ये रीड हेस्टिंग्ज आणि बॉब जॉइस यांनी युसेनिक्सच्या परिषदेत ‘प्युरिफाय’ मांडलं. त्यात मेमरीच्या प्रत्येक बाइटमागे दोन बिट ठेवलेले: ही जागा कोणाला दिलेली आहे का, आणि दिली असेल तर तिच्यात काही लिहिलं गेलं आहे का. प्रत्येक वाचन-लिखाणाआधी ते तपासायचे. मूळ कोडला हात न लावता, कंपाइल झालेल्या फाइलमध्येच ही तपासणी पेरली जाई. हेस्टिंग्ज यांची प्युअर सॉफ्टवेअर कंपनी याच एका हत्यारावर उभी राहिली. १९९७मध्ये रॅशनलने ती घेतली आणि त्याच वर्षी हेस्टिंग्ज यांनी भागीदारीत नेटफ्लिक्स काढली.

प्युरिफायचा परवाना विकत घ्यावा लागे. तो जिथे नव्हता, तिथे लोकांनी आपापली साधनं घडवली. मॅलॉकच्या जागी स्वतःचा मॅक्रो बसवायचा, जो प्रत्येक मागणीसोबत फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक टिपून ठेवतो. तुकड्याच्या दोन्ही टोकांना ठरावीक आकडा लिहायचा आणि सोडताना तो शाबूत आहे का ते पाहायचं. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सीमध्ये ही सोय तयारच होती. नव्या, न भरलेल्या जागेत सीडी, सोडलेल्या जागेत डीडी आणि दोन तुकड्यांमधल्या राखीव पट्ट्यात एफडी हे बाइट ती भरून ठेवी. डीबगरमध्ये पॉइंटरची किंमत सलग डीडी-डीडी दिसली की मुरलेला इंजिनिअर लगेच सांगे, सोडलेली जागा वापरतो आहेस.

२००२मध्ये ज्युलियन सीवर्ड यांचं ‘वालग्रिंड’ आलं आणि चित्र पालटलं. ते मोफत होतं, लिनक्सवर चालत होतं, पुन्हा कंपाइल करण्याचीही गरज नव्हती. प्रोग्रॅम वीस-तीस पट हळू चाले, पण चूक झाल्या क्षणी ते सांगे की अमुक ओळीने चाळीस बाइटच्या तुकड्याच्या लगेच पुढे लिहिलं, आणि तो तुकडा अमुक ओळीत मागितला होता. सोडलेल्या जागेबद्दल असेल, तर ती कुठे सोडली तेही. चुकीपासून तिच्या दर्शनापर्यंतचं अंतर एका अहवालात मिटलं. विद्यार्थ्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरही आता ते चालणार होतं, आणि मला ही गोष्ट प्युरिफायपेक्षाही मोठी वाटते. त्यानंतर दोनेक वर्षांत लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीनेही ‘डबल फ्री ऑर करप्शन’ असं स्पष्ट सांगून प्रोग्रॅम तिथेच थांबवायला सुरुवात केली.

याच सुमारास या चुकांचं स्वरूप बदललं. हीपमधली नोंद पुसली जाते, म्हणजे ती मुद्दाम हवी तशी लिहिताही येते. २०००मध्ये सोलर डिझायनर या टोपणनावाच्या सुरक्षातज्ज्ञाने नेटस्केप ब्राउझरला एका चित्राच्या फाइलमधून हीपची नोंद बिघडवून कसं ताब्यात घेता येतं, हे दाखवलं. मार्च २००२मध्ये झेडलिब या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत एकच जागा दोनदा सोडणारी चूक सापडली आणि असंख्य प्रोग्रॅम एका दिवसात संशयित ठरले. त्याआधी दोनच महिने बिल गेट्स यांनी सुरक्षेला पहिलं स्थान द्या, असं पत्र कर्मचाऱ्यांना लिहिलं होतं. आतापर्यंत ज्या दोषाला तक्रारींच्या यादीत ‘कधीतरी पडतो’ एवढंच नाव होतं, तो आता चोरवाट ठरला. दुरुस्ती करणाऱ्याच्या कामाला वजन आलं.

एप्रिल २०१४मध्ये उघड झालेला ‘हार्टब्लीड’ हा दोष म्हणजे याचा कळस. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत पलीकडचा कॉम्प्युटर एक शब्द आणि त्याची लांबी पाठवी, आणि सर्व्हरने तोच शब्द परत करायचा. लांबी खरी आहे का, हे कोणी तपासत नव्हतं. एका अक्षराचा शब्द पाठवून ६४ किलोबाइट मागितले की सर्व्हर हीपमधला शेजारचा मजकूर उचलून देई, त्यात पासवर्ड असोत की गुप्त किल्ल्या. त्या लायब्ररीने सोडलेले तुकडे स्वतःजवळच साठवून पुन्हा वापरण्याची पद्धत ठेवली होती, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मॅलॉकमधल्या तपासण्यांना वावच मिळाला नव्हता.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे दोन वेगळ्या वाटांनी पाहिलं गेलं. पुण्यात गाड्यांसाठी लागणारं सॉफ्टवेअर वाढलं. त्या क्षेत्रात पाळल्या जाणाऱ्या १९९८च्या मिस्रा नियमांनी हीप वापरायलाच मनाई केली होती: जेवढी जागा लागेल ती आधीच ठरवून ठेवा, गाडी धावत असताना मॅलॉक नको. ब्रेकच्या सॉफ्टवेअरला ‘जागा शिल्लक नाही’ हे उत्तर चालत नाही. १९८१मध्ये पुण्यात सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्राने एम्बेडेड सी कोड न चालवता, नुसता वाचून त्यातले चुकीचे पॉइंटर, अ‍ॅरेबाहेरचं वाचन, शून्याने भागाकार हेरणारं साधन तयार केलं. अशी साधनं खोटे इशारेही पुष्कळ देतात आणि इंजिनिअर कंटाळून सगळेच इशारे बाजूला सारतो. ते खोटे इशारे कमी कसे करायचे, हा तिथल्या संशोधनाचा मोठा विषय राहिला.

दुसरी वाट पवईची. आयआयटी मुंबईत उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७मध्ये एसीएम या संगणक संघटनेच्या नियतकालिकात हीपबद्दलचा एक निबंध प्रसिद्ध केला. जावासारख्या भाषेत फ्री म्हणावं लागत नाही. ज्या जागेपर्यंत कुठलाही पॉइंटर पोचत नाही ती जागा गार्बेज कलेक्टर गोळा करतो. या तिघांनी दाखवलं की पॉइंटर पोचतो पण प्रोग्रॅम पुन्हा कधीच वापरणार नाही, अशीही पुष्कळ जागा अडून राहते. कुठली जागा पुढे वापरली जाईल, याचे आलेख कंपायलरने आधीच काढायचे आणि बाकीचे पॉइंटर शून्य करून टाकायचे, म्हणजे ती जागा वेळेवर मोकळी होते. हीपचा हिशेब यंत्राकडे सोपवला तरी प्रश्न संपत नाही, हे पवईत इतक्या काटेकोरपणे मांडलं गेलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

२०१२मध्ये गुगलच्या कॉन्स्टँटिन सेरेब्र्यानी आणि सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅड्रेस सॅनिटायझर’ मांडला. त्यात मेमरीची तपासणी कंपायलरच पेरतो, सोडलेली जागा काही काळ वेगळी ठेवली जाते, आणि प्रोग्रॅम सरासरी ७३ टक्केच हळू होतो. वालग्रिंडच्या वीस-तीस पटीच्या तुलनेत हे काहीच नाही. म्हणून रोजच्या बिल्डमध्ये ती चालवता येऊ लागली. २०१५मध्ये रस्ट भाषेची पहिली स्थिर आवृत्ती आली. जागेचा मालक कोण आणि ती कधी सुटणार, हे तिच्यात कंपायलर स्वतः तपासतो. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की दरवर्षी ते ज्या सुरक्षादोषांवर उपाय प्रसिद्ध करतात, त्यातले सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांचे असतात. फेब्रुवारी २०२४मध्ये तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने एक अहवाल काढून मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या भाषा वापरा, असं आवाहन केलं.

रस्टचा कंपायलर जे आज सक्तीने करून घेतो, ते दुरुस्तीच्या कामावर बसलेले लोक आपणहून करत होते, हे मात्र त्या अहवालांत येत नाही. ज्या फंक्शनने जागा मागितली त्यानेच ती सोडावी. सोडल्यावर पॉइंटर लगेच शून्य करावा. स्ट्रिंगची प्रत देणाऱ्या फंक्शनच्या वर, ही जागा घेणाऱ्याने सोडायची आहे अशी टीप लिहावी. कोड रिव्ह्यूमध्ये प्रत्येक मॅलॉकसमोर त्याचा फ्री बोटाने दाखवावा. शिस्तीने जेवढं साधतं तेवढं त्यांनी साधलं. माझं ठाम मत आहे की माणसाच्या स्मरणावर हा भार टाकणं मुळात चूक होतं, आणि तरीही तो भार ज्यांनी वाहिला त्यांची नोंद व्हायला हवी. लिहिणाऱ्याचं नाव फाइलच्या डोक्यावर असतं. बिघाड शोधणाऱ्याचं नाव बदलांच्या यादीत एका ओळीत येतं आणि प्रणाली बदलली की तीही यादी जाते.

म्हणून व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी किंवा हिंजवडीत १९९५ ते २०१०च्या दरम्यान ज्यांनी हे काम केलं, त्यांना माझी विनंती आहे. कंपनीचं आणि ग्राहकाचं नाव गाळा, पण तुमच्या आठवणीतला एक बिघाड मराठीत लिहून ठेवा: तो दिसला कुठे, होता कुठे आणि तिथपर्यंत तुम्ही कसे पोचलात. कॉलेजांत सी शिकवणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. ज्या दिवशी मॅलॉक शिकवाल, त्याच दिवशी फ्री आणि त्याची तपासणीही शिकवा. वालग्रिंड मोफत आहे, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर २०१३पासून जीसीसी या कंपायलरमध्ये आहे आणि तो चालू करायला कंपाइल करताना एक पर्याय जोडावा लागतो.